अँक्झायटीसाठी ऑनलाईन थेरपी: पहिल्या महिन्यात नेमकं काय होतं?

कोरी_पाटी

चिंतेच्या त्रासासाठी ऑनलाईन थेरपी घ्यायचं ठरवलं की पुढे काय, याबद्दल मराठीत कामाचं फारसं सापडत नाही. ‘मोकळेपणाने बोला’ यापलीकडे कुणी जात नाही. इथे जाणकार मंडळी आहेत म्हणून सरळ विचारते:

१. पहिल्या सेशनला काय विचारतात, तयारी काय करायची?
२. किती सेशन लागतात?
३. व्हिडिओवरून खरंच उपयोग होतो का?
४. कुठे बिघडतं?

अनुभवकथनाचे धागे आधीच आहेत, इथे फक्त माहिती द्यावी ही विनंती.

दोरीचा_साप

पहिल्या सेशनचं आधी सांगतो, कारण अपेक्षाभंग तिथेच होतो. त्यात उपचार जवळजवळ नसतो. ४५ ते ६० मिनिटांतला बराचसा वेळ चौकशीत जातो: त्रास कधीपासून, कशाने वाढतो, कशाने उतरतो, झोप, भूक, दिवसाला चहा-कॉफी किती, दारू-सिगारेट, चालू औषधं, आधीचे आजार, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, स्वतःला इजा करायचे विचार येतात का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, तुमच्यात काही भयंकर दिसलं म्हणून नाही. आणि ‘हो’ म्हटलं की लगेच घरी फोन जातो असंही नाही. विचार येणं, बेत ठरणं आणि साधन हाताशी असणं या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. तुम्ही कुठल्या पायरीवर आहात ते समजावं म्हणून पुढचे प्रश्न येतात. तेव्हा उत्तर खरं द्या.

सेशनच्या आधी एक संमतीपत्र येतं आणि बहुधा जीएडी-७ ही चिंता मोजणारी प्रश्नावली. २००६ साली प्रसिद्ध झालेली, ७ प्रश्न, विषय गेले दोन आठवडे. ‘मुळीच नाही’ला ०, ‘जवळजवळ रोज’ला ३, म्हणजे बेरीज ० ते २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. हा थर्मामीटर आहे, निदान नव्हे. ताप किती ते कळतं, कशाचा ते कळत नाही. पुढेही अधूनमधून तीच भरून घेतात. तेव्हा ती दोन आठवडे आठवून भरायची. सेशनला पाच मिनिटं उरलेली असताना धडधडत्या छातीने भरलीत तर आकडा फुगलेलाच येणार.

तयारी म्हणाल तर जन्मापासूनचा इतिहास लिहून नेऊ नका. गेल्या आठवड्यातला एकच प्रसंग निवडा. ‘ऑफिसमध्ये खूप टेन्शन आलं’ यातून हाती काही लागत नाही. हे बघा:

मंगळवार, सकाळी ११. वरिष्ठांचा मेसेज: जरा बोलायचंय.
मनात आलेलं वाक्य: आता काढणार मला. (खात्री ८५ टक्के)
अंगात: पोट ढवळलं, हात गार.
केलं काय: जुने मेल उघडून चुका शोधल्या, दोन तास.

एवढ्या चार ओळींवर अख्खं सेशन चालतं. सगळ्यात मोलाची ओळ शेवटची, आणि लोक नेमकी तीच गाळतात.

खिडकीपाशी

तांत्रिक बाजू, कारण पहिली दोन सेशन यातच वाया जातात.

फोन हातात धरून बसू नका. हात थकतो, चित्र हलतं आणि समोरच्याला फक्त हनुवटी दिसते. लॅपटॉप किंवा स्टँडवर फोन, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, उजेड समोरून. मागे खिडकी असेल तर तुमचा चेहरा काळा ठिपका होतो. कमरेपर्यंत दिसाल एवढं लांब बसा. अँक्झायटीत हात काय करताहेत, श्वास छातीतून चाललाय की पोटातून, हे थेरपिस्टला दिसायला हवं.

स्वतःचं चित्र लपवायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, ती वापरा. ज्यांची भीतीच ‘मी कसा दिसतोय’ ही आहे, ते नाहीतर पाऊण तास स्वतःलाच बघत बसतात.

वायरचा हेडफोन ब्लूटूथपेक्षा बरा, मध्येच बॅटरी संपत नाही. वायफाय गेलं तर मोबाईलचा डेटा तयार ठेवा. आवाज तुटायला लागला तर आधी व्हिडिओ बंद करा, आवाजाला फार कमी डेटा लागतो. आणि कॉल तुटला तर कोणी कोणाला, कुठल्या नंबरवर, किती मिनिटांत फोन करायचा हे पहिल्याच सेशनमध्ये ठरवून घ्या. नाहीतर दोघं एकमेकांना लावत बसतात आणि दोन्हीकडे ‘व्यस्त’ येतं. त्यातून मनात ‘वैतागून ठेवला वाटतं’ सुरू होतं ते वेगळंच.

घरात भिंती पातळ असतील तर दाराबाहेर, आपल्या खोलीत नव्हे, पंखा किंवा रेडिओ लावून ठेवावा. उभी केलेली गाडी ही सगळ्यात चांगली थेरपीची खोली आहे. चालवत असलेली गाडी अजिबात नाही.

उंबरठा

खिडकीपाशी यांच्या यादीत दोन गोष्टी घालते. व्हिडिओत आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे सुरुवातीला दोघंही एकदम बोलतात आणि दोघंही एकदम थांबतात. ती शांतता ‘माझं बोलणं आवडलं नाही’ अशी वाचू नका. थेरपिस्ट खाली बघतो तेव्हा टिपणं काढत असतो. त्याने तुमच्या डोळ्यांत बघितलं तरी तुम्हाला तो स्क्रीनच्या खालच्या बाजूला बघतोय असंच दिसणार, कारण कॅमेरा वर असतो.

दुसरं, प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला ‘आत्ता तुम्ही नेमक्या कुठे आहात?’ असा प्रश्न येईल. पत्ता आणि अडीअडचणीला कळवायचा एक नंबरही आधीच घेतात. ही पाळत नव्हे. सेशनमध्ये काही झालं तर मदत कुठे पाठवायची हे स्क्रीनवरून कळत नाही, म्हणून विचारतात. जो थेरपिस्ट हे विचारतच नाही त्याच्याबद्दल मला जास्त शंका येईल.

तिरकस

सगळं ठीक. पण समोर माणूस नसताना थेरपी म्हणजे फोनवरून नाडी बघण्यासारखंच नाही का?

अधिक_उणे

@तिरकस, प्रश्न रास्त आहे. दोन गोष्टी वेगळ्या करू.

एक, व्हिडिओवर प्रत्यक्ष माणसाशी सेशन. दोन, इंटरनेटवरचे पाठ: वाचायचं, तक्ते भरायचे आणि आठवड्यातून एकदा थेरपिस्ट लेखी उत्तर देतो. २०१८ साली कार्लब्रिंग, अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २० अभ्यासांची एकत्र छाननी प्रसिद्ध केली, ती या दुसऱ्या प्रकाराची, तेही मागे थेरपिस्ट असलेल्या पाठांची. समोरासमोरच्या सीबीटीशी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) तुलना केली तर परिणाम जवळपास सारखा निघाला. माणूस मागे नसलेल्या नुसत्या ॲपला हा निष्कर्ष लावू नका. तिथे लोक मध्येच सोडून देतात, हीच मोठी अडचण.

अँक्झायटीत नाडी बघायची नसते, नोंद बघायची असते. भीती कुठे येते? लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये, रात्री गादीवर. थेरपिस्टच्या खोलीत ती अनेकदा येतच नाही. फोन मात्र लिफ्टपर्यंत बरोबर जाऊ शकतो.

तिरकस

हा मुद्दा पटला. पण मग ज्याला माणसांचीच भीती, त्याला घरबसल्या थेरपी सोयीची झाली म्हणून तो घरातच बसेल त्याचं काय?

उंबरठा

हाच या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, जरा सविस्तर लिहिते.

चिंता टिकते ती टाळण्यामुळे. टाळलं की लगेच बरं वाटतं आणि मेंदू नोंद करतो: टाळलं म्हणून वाचलो. दोरी की साप हे तपासायची वेळच येत नाही (आयडीवाल्या साहेबांची क्षमा मागून). ऑनलाईन थेरपी स्वतःच असं टाळणं होऊ शकते. कॅमेरा बंद ठेवणं, फक्त चॅटवर बोलणं, अवघड विषय आला की ‘नेट गेलं’. चांगला थेरपिस्ट हे चौथ्या-पाचव्या सेशनपर्यंत पकडतो आणि तेच कामाला घेतो: आज दहा मिनिटं कॅमेरा चालू, पुढच्या वेळी वीस.

साधारण तिसऱ्या-चौथ्या सेशनपासून भीतीची शिडी बनते. प्रत्येक पायरीला ० ते १०० आकडा द्यायचा. ही मोजपट्टी मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची. लिफ्टचं उदाहरण:

दारासमोर दोन मिनिटं उभं राहणं: २०
आत जाऊन दार उघडं ठेवून बाहेर येणं: ३५
सोबतीने एक मजला: ४५
एकट्याने एक मजला: ६०
एकट्याने पाच मजले: ७५
एकट्याने पाच मजले, फोन आणि पाण्याची बाटली घरी: ९०

शेवटची पायरी नीट बघा. फोन, बाटली, खिशातली गोळी, कोपऱ्यातली जागा, सतत नाडी तपासणं, या सगळ्या कुबड्या. परिभाषेत सेफ्टी बिहेविअर. लिफ्टमधून वीस वेळा गेलं पण दर वेळी बाटली घट्ट धरलेली असेल, तर श्रेय बाटलीला जातं.

पायरी करण्याआधी भाकीत लिहायचं, तेही तपासता येईल असं. ‘भीती वाटेल’ हे भाकीत नव्हे, ती वाटणारच. ‘दुसऱ्या मजल्याच्या आत श्वास बंद पडून मी खाली कोसळेन, शक्यता ७० टक्के’ हे भाकीत. मग जायचं, आणि वर पोचल्यावर लिहायचं: कोसळलो का? किती मिनिटांनी काय वाटलं? आता शक्यता किती वाटते? मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के यांच्या मांडणीत भीती उतरण्यापेक्षा भाकीत खोटं ठरण्याला जास्त किंमत आहे. म्हणून भीती ६० वरच राहिली तरी प्रयोग वाया गेला असं नाही.

ऑनलाईनचा खरा फायदा इथे. थेरपिस्ट कानात, तुम्ही लिफ्टमध्ये. आणि दोन-तीनदा झाल्यावर थेरपिस्टलाही कानातून काढायचं, कारण तीही कुबडीच. शिवाय लिफ्टमध्ये नेटवर्क जातं ते आधीच गृहीत धरा. ‘आवाज गेला तर तळमजल्यावर पाच मिनिटांनी फोन’ एवढं ठरलेलं पुरतं.

कोरी_पाटी

खूप उपयोगी! मग दीर्घश्वसन वगैरे शिकवतात ते?

दोरीचा_साप

ते वाईट नाही, पण कधी करायचं याला महत्त्व आहे. रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं संथ श्वास, अंग सैल सोडणं, हे एकंदर ताण कमी करायला चांगलं. पण छाती धडधडली की लगेच ‘श्वास मोजला नाही तर काहीतरी होईल’ म्हणून केलं, की तीच उंबरठा म्हणतात ती कुबडी.

पॅनिकमध्ये, म्हणजे भीतीचे अचानक झटके येतात तेव्हा, तर उलटंच करतात. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली मांडलेलं चक्र असं: धडधड झाली, ‘हार्ट अटॅक’ असा अर्थ लावला, त्या अर्थाने धडधड वाढली, अर्थ आणखी पक्का झाला. तो अर्थ मोडायचा तर धडधड मुद्दाम आणायची. एक मिनिट भराभर खोल श्वास, खुर्चीत बसून गरगर फिरणं, पेय प्यायच्या बारीक नळीतून नाक दाबून श्वास, जागच्या जागी पळणं. अंगात तेच सगळं होतं आणि हार्ट अटॅक येत नाही. हृदयविकार, दमा, फिट येणं किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हे नाही, आणि ऑनलाईन असताना पहिल्या वेळी घरात कुणीतरी असावं.

गोळीबंद

त्याच्याही आधीची पायरी राहिली. थायरॉइड जास्त काम करत असेल, रक्त कमी असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर लक्षणं हुबेहूब अँक्झायटीची. दम्याच्या इनहेलरमधलं साल्ब्युटामॉल आणि सर्दीची काही औषधंही धडधड आणतात. स्क्रीनवरून हे तपासता येत नाही. त्रास नवा असेल तर आधी साध्या डॉक्टरकडून तपासून घ्या. छातीत पहिल्यांदाच दुखलं तर ते अँक्झायटी समजून घरी बसू नका.

औषधांबद्दल. गोळी लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक थेरपी देतात. ज्या औषधांनी बहुधा सुरुवात करतात त्या एसएसआरआयचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि पहिल्या काही दिवसांत बेचैनी उलट वाढू शकते. तासाभरात उतार देणाऱ्या बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या घेत असाल तर थेरपिस्टला सांगा. शिडीच्या पायरीआधी गोळी घेतली तर शिकणं गोळीच्या खात्यात जमा होतं. पण म्हणून स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्यात फिट येण्यापर्यंत धोका असतो. डोस हळूहळू कमी करायचं काम डॉक्टरचं.

अधिक_उणे

प्रश्न २ राहिला होता. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत सतत चिंता करण्याच्या विकारासाठी सीबीटीची साधारण १२ ते १५ साप्ताहिक सेशन सांगितली आहेत, पॅनिकसाठी एकूण ७ ते १४ तास. अडकलेला जुना त्रास असेल तर जास्त. जीएडी-७ मध्ये ४ किंवा अधिक गुणांचा फरक पडला तरच खरा बदल धरतात. १४ चे १२ झाले म्हणून पेढे नकोत, १२ चे १४ झाले म्हणून रडणंही नको.

सुरुवातीच्या आठवड्यांत काहींचा आकडा वर जातो. टाळणं कमी केल्यावर भीती दिसायला लागते, म्हणून. आणि काही मंडळी नेमकी तिथेच सोडतात.

शंकासमाधान_नको

पॅकेजमध्ये ‘अमर्याद चॅट’ देतात त्याबद्दल कुणी लिहिलं नाही. अँक्झायटीसाठी ही सोय जपून. रात्री दोन वाजता ‘मला काही होणार नाही ना?’ असं लिहिलं, सकाळी ‘नाही होणार’ असं उत्तर आलं, बरं वाटलं, आणि परवा पुन्हा तोच प्रश्न. आश्वासन मागणं हा आजाराचाच भाग आहे. चॅट कशासाठी ते पहिल्या आठवड्यात ठरवा: गृहपाठात अडलं, वेळ बदलायची आहे, पायरीचा आकडा कळवायचा आहे. बाकीचे प्रश्न वहीत. चिंतेसाठी रोज एक ठरलेली जागा आणि वेळ, मानसशास्त्रज्ञ बोर्कोव्हेक यांच्या पद्धतीत अर्धा तास, तेव्हा वही उघडायची. झोपायच्या आधीची वेळ मात्र नको. अर्ध्याहून जास्त प्रश्न तोवर शिळे झालेले दिसतात.

खिडकीपाशी

गोपनीयतेचंही. ‘सुरक्षित कॉल’ आणि ‘तुमची माहिती विकत नाही’ ही दोन वेगळी वचनं आहेत. २०२३ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने बेटरहेल्प या ऑनलाईन थेरपी कंपनीवर लोकांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याबद्दल कारवाई केली, ७८ लाख डॉलरमध्ये ती मिटली. तेव्हा विचारा: टिपणं कुठे राहतात, किती वर्षं, सेशन रेकॉर्ड होतं का, खातं बंद केलं तर काय उरतं. नोंदणीसाठी ऑफिसचा ईमेल किंवा ऑफिसचा लॅपटॉप नको. गुप्ततेला अपवादही असतात: जिवाला धोका, मुलांवर अत्याचार, कोर्टाचा आदेश. ते संमतीपत्रात लिहिलेले असतात, वाचून सही करा.

तिरकस

आणि थेरपिस्टच जमला नाही तर?

उंबरठा

बोलून बघायचं. ‘आपण नेमकं कशावर काम करतोय ते मला कळत नाहीये’ हे वाक्य कुठल्याही थेरपिस्टने ऐकून घ्यायला हवं. चार ते सहा सेशननंतरही लेखी ध्येय नाही, गृहपाठ नाही, मागच्या वेळचा गृहपाठ विचारला जात नाही, दर आठवड्याला नुसती ख्यालीखुशाली, तर बदला. पण ‘मला अवघड काम देतो’ हे बदलायचं कारण नाही.

काही परिस्थितींत ऑनलाईन पुरत नाहीच: जीव द्यायचा बेत मनात असेल, भास होत असतील, दारू सोडताना हात थरथरत असतील. तिथे प्रत्यक्ष उपचार, आणि घाई असेल तर जवळचं रुग्णालय. घरातल्याच माणसापासून धोका असेल तर सेशनची जागा घराबाहेर ठरवा, शिवाय ‘आत्ता बोलता येत नाही’ यासाठी थेरपिस्टबरोबर एक साधा शब्द. काहीही चालेल, ‘छत्री’सुद्धा.

कोरी_पाटी

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून ठेवते. एक बारीक प्रश्न: कॉल संपला की लगेच कामाला लागायचं का?

दोरीचा_साप

नाही. कॉल बंद झाला की क्षणात तुम्ही त्याच खोलीत, त्याच टेबलाशी असता. ऑफलाईनला निदान परतीची वाट असते. म्हणून सेशननंतर पंधरा मिनिटं कॅलेंडरमध्ये अडवून ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत तीन ओळी लिहा: आज काय कळलं, या आठवड्यात कुठली पायरी, कुठल्या दिवशी किती वाजता. वार आणि वेळ लिहिली नाही तर ती पायरी पुढच्या सेशनच्या आदल्या रात्री आठवते. उरलेली दहा मिनिटं चप्पल घालून खाली एक फेरी.

अधिक_उणे

ती फेरी लिफ्टने.